वास्तूचे अंतरंग आणि विद्यार्थ्याची जागा : मुंबई विद्यापीठ ग्रंथालय व गणेशखिंड येथील मुख्य इमारत यांचा तुलनात्मक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

थळ घाटातून कसारा ते इगतपुरी हा लोहमार्ग १८६५ च्या आरंभी वाहतुकीस खुला झाला आणि मुंबई बंदर सह्याद्रीच्या माथ्यावरील मुलखाशी रेल्वेने जोडले गेले. त्याच्या काही महिने आधी, १८६४ मध्ये, मुंबईतील कापसाचे व शेअरचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये आणि त्यास जोडून उभारावयाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये देऊ केले होते. वरवर पाहता या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. परंतु दोहोंच्या मागे एकच अर्थकारण होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला, हिंदुस्थानच्या कापसाचे भाव चढले आणि मुंबईत अभूतपूर्व पैसा आला. युद्ध संपताच १८६५ मध्ये हा फुगा फुटला. पेढ्या बुडाल्या, स्वतः प्रेमचंदही कर्जात बुडाले. विद्यापीठाला दिलेले दान मात्र टिकले व त्यातून उभे राहिलेले वाचनदालन आजही उभे आहे.

नाशिक जिल्ह्यातील महाविद्यालयांचा विद्यापीठीय इतिहास दोन वास्तूंशी जोडलेला आहे. १९४९ पर्यंत या जिल्ह्यातील विद्यार्थ्यास पदवी मिळे ती मुंबई विद्यापीठाची. त्यानंतर ती मिळू लागली पुणे विद्यापीठाची. म्हणजे आमच्या आजोबांच्या पिढीच्या पदवीपत्रामागे राजाबाई मनोऱ्याची वास्तू आहे, तर आमच्या व आमच्या विद्यार्थ्यांच्या पदवीपत्रामागे गणेशखिंडची. या दोन्ही वास्तूंच्या बाह्यरूपावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या अंतर्भागात विद्यार्थ्याला स्थान कधी, कसे व कितपत मिळाले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय तोच आहे.

उद्दिष्टे व अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासाची तीन उद्दिष्टे आहेत. पहिले, दोन्ही वास्तूंचे अंतर्भाग मुळात कोणत्या हेतूने घडविले गेले हे तपासणे. दुसरे, काळाच्या ओघात त्यांच्या वापरात झालेला बदल विद्यार्थ्याच्या दृष्टिकोनातून मांडणे. तिसरे, ऐतिहासिक अंतर्भागाची विद्यार्थ्यांसाठी पुनर्रचना करताना पाळावयाची तत्त्वे या इतिहासातून मिळतात का, हे पाहणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व तुलनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून विवेचन प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारलेले आहे.

दान, दगड आणि वाचनदालन

मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजी झाली. त्या वेळी विद्यापीठाला स्वतःची इमारत नव्हती. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा समावेश असलेली पदवीधरांची पहिली तुकडी १८६२ मध्ये बाहेर पडली, तेव्हा विद्यापीठाचे समारंभ टाऊन हॉलमध्येच होत. किल्ल्याची तटबंदी पाडण्याचे काम गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत सुरू झाले आणि समुद्राकडे तोंड असलेल्या मोकळ्या जागेवर सार्वजनिक इमारतींची रांग उभी करण्याचे ठरले. त्या रांगेतील विद्यापीठाच्या दोन वास्तूंचे आराखडे लंडनचे वास्तुविशारद सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी तयार केले. स्कॉट हिंदुस्थानात कधीच आले नाहीत. कागदावर आलेली ही फ्रेंच व व्हेनिशियन गॉथिक शैली कुर्ल्याच्या दगडात उतरविण्याचे काम येथील अभियंत्यांनी व पाथरवटांनी केले.

सर कावसजी जहांगीर यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून दीक्षान्त सभागृह १८७४ मध्ये पूर्ण झाले. ग्रंथालय व मनोऱ्याची पायाभरणी १८६९ मध्ये झाली, बांधकाम १८७८ मध्ये संपले आणि त्यावर सुमारे साडेपाच लाख रुपये खर्च झाला. दात्याने आपल्या आईचे नाव दिलेला हा राजाबाई मनोरा २८० फूट उंच आहे. ग्रंथालय १८८० मध्ये खुले झाले. वरच्या मजल्यावरील लांबरुंद दालन, त्यावरील सागवानी छत, रंगीत काचांच्या कमानदार खिडक्या, दोन्ही टोकांचे चक्राकार जिने आणि पश्चिमेकडील वाऱ्याला मोकळीक देणारे सज्जे अशी या अंतर्भागाची रचना आहे. उन्हाची तीव्रता रंगीत काचेने कमी करावयाची, हवा उंच छताखाली खेळती ठेवावयाची आणि बाहेरच्या रस्त्याचा आवाज जाड दगडी भिंतींनी अडवावयाचा, असा हा विचार दिसतो. विजेचे दिवे व पंखे नसलेल्या काळात वाचकाला दिवसभर बसता यावे, यासाठीची ती व्यवस्था होती.

या वास्तूतील एक तपशील सामाजिक इतिहासाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावा असा आहे. मनोऱ्याच्या बाहेरील कोनाड्यांत पश्चिम हिंदुस्थानातील २४ जाती-समुदायांचे प्रातिनिधिक पुतळे आहेत. ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र या अभियंत्याच्या देखरेखीखाली घडविले गेले. समाजातील नाना थर अशा रीतीने वास्तूच्या बाहेर दगडात कोरले गेले. आतील टेबलाशी मात्र त्यांपैकी किती जण पोहोचले असतील, हा प्रश्न उरतोच. वास्तूच्या बाह्यांगावर समाजाचे चित्र असणे आणि अंतर्भागात समाजाला प्रवेश असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

परीक्षा घेणाऱ्या संस्थेकडून अध्ययनाच्या संस्थेकडे

मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झाले होते. परीक्षा घेणे व पदव्या देणे एवढेच त्याचे काम होते, अध्यापन होई ते संलग्न महाविद्यालयांत. परिणामी या भव्य ग्रंथालयाला आरंभी स्वतःचा असा विद्यार्थीच नव्हता. एल्फिन्स्टन, विल्सन किंवा पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातील विद्यार्थ्यासाठी विद्यापीठ म्हणजे परीक्षेचे केंद्र व पदवीदानाचे सभागृह. वास्तू विद्यार्थ्यासाठी बांधली गेली, परंतु ज्या संस्थेने ती बांधली तिच्या घटनेत विद्यार्थ्याच्या रोजच्या वावराला जागाच नव्हती. अंतर्भागाचे स्वरूप केवळ भिंती व फर्निचर यांनी ठरत नाही, संस्थेच्या नियमांनीही ते ठरते, याचे हे ठळक उदाहरण होय.

नियम बदलू लागले तशी जागाही बदलू लागली. १८८३ मध्ये विद्यापीठाच्या परीक्षा व पदव्या स्त्रियांना खुल्या झाल्या. डेक्कन महाविद्यालयाच्या कॉर्नेलिया सोराबजी या मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री पदवीधर. पुढे त्या ऑक्सफर्डला गेल्या. तेथील ऑल सोल्स महाविद्यालयाच्या जुन्या ग्रंथालयात वाचक म्हणून प्रवेश मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या, ते वर्ष १८९०. ऑक्सफर्डने मात्र स्त्रियांना पदव्या देण्यास १९२० पर्यंत वाट पाहायला लावली. वाचनदालनाचे दार उघडणे आणि पदवीचे दार उघडणे या दोन पायऱ्यांमध्ये तिथे ३० वर्षांचे अंतर पडले. मुंबईत क्रम उलटा होता. पदवी आधी मिळाली, आणि विद्यापीठाच्या वास्तूत रोज येऊन बसण्याचे प्रयोजन पुढे निर्माण झाले.

१९०४ च्या विद्यापीठ कायद्याने विद्यापीठांना अध्यापनाचा अधिकार मिळाला. त्याचे फलित म्हणून १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याचे पहिले प्राध्यापक म्हणून स्कॉटलंडचे नगररचनाकार पॅट्रिक गेडिस आले. त्यांच्यानंतर गोविंद सदाशिव घुर्ये यांनी हा विभाग घडविला. इरावती कर्वे यांनी १९२८ मध्ये घुर्ये यांच्याच मार्गदर्शनाखाली एम.ए. पदवी मिळविली. विद्यापीठाचा स्वतःचा असा पदव्युत्तर विद्यार्थी आता अस्तित्वात आला. ग्रंथालय उघडल्यापासून ही वेळ येण्यास सुमारे ४० वर्षे लागली होती.

या कालखंडातील आणखी एका विद्यार्थ्याचा उल्लेख आवश्यक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी एल्फिन्स्टन महाविद्यालयातून १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.ए. परीक्षा दिली. पुढे न्यूयॉर्क व लंडन येथील ग्रंथालयांत त्यांनी केलेले अध्ययन सर्वश्रुत आहे. १९३० च्या दशकात दादर येथे त्यांनी 'राजगृह' बांधले ते ग्रंथसंग्रहाला हक्काची जागा मिळावी म्हणून. ज्याला सार्वजनिक जागेतील प्रवेशाची किंमत ठाऊक होती, त्याने वाचनाच्या जागेला घरात अग्रस्थान द्यावे, यात विद्यार्थ्याच्या जागेचे मर्म सामावलेले आहे.

गणेशखिंड : मेजवानीच्या दालनातून विद्यापीठाकडे

पुण्याच्या वास्तूचा इतिहास याहून सर्वस्वी वेगळा आहे. पावसाळ्यात मुंबईच्या गव्हर्नरांचा मुक्काम पुण्यास असे. त्यांच्यासाठी गणेशखिंड येथे नवे निवासस्थान बांधण्याचे काम फ्रिअर यांच्याच काळात, १८६४ मध्ये, सुरू झाले व १८७१ मध्ये ते पूर्ण झाले. वास्तुविशारद होते जेम्स ट्रबशॉ. उंच मनोरा असलेल्या या इटालियन धर्तीच्या इमारतीवर झालेल्या खर्चाबद्दल थेट ब्रिटिश पार्लमेंटमध्ये टीका झाली. कापसाच्या तेजीत आखलेली वास्तू मंदीत पुरी करावी लागली, हेही त्याचे एक कारण होते. मुंबईत त्याच तेजीच्या पैशातून वाचनदालन निघाले, तर पुण्यात मेजवानीचे व नृत्याचे दालन. दोन्ही वास्तूंच्या आरंभाशी एकाच गव्हर्नराचे नाव आहे आणि तोच पदसिद्ध कुलपतीही होता, ही गोष्ट विचार करण्याजोगी आहे.

या अंतर्भागाची महाराष्ट्राच्या स्मृतीतील सर्वांत ठळक रात्र म्हणजे २२ जून १८९७ ची. राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवानिमित्त येथे समारंभ होता. तो आटोपून परतताना गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी प्लेग अधिकारी रँड व लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. प्लेगच्या काळात सोजिरांनी पुणेकरांच्या घरांच्या अंतर्भागात केलेल्या शिरकावाबद्दलचा संताप त्यामागे होता. सामान्य माणसाच्या घराचे अंतरंग सत्तेला सताड उघडे आणि सत्तेच्या घराचे अंतरंग सामान्य माणसाला पूर्ण बंद, असा तो काळ होता.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी पुणे विद्यापीठाची स्थापना झाली. पहिले कुलगुरू बॅ. मुकुंदराव जयकर होते. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांच्या पुढाकाराने गणेशखिंडचा ४०० एकरांहून मोठा परिसर विद्यापीठास मिळाला. पारतंत्र्यातील सत्तेचे निवासस्थान विद्येचे निवासस्थान व्हावे, यात स्वातंत्र्याच्या पहाटेचा आशय होता. २०१४ मध्ये विद्यापीठास सावित्रीबाई फुले यांचे नाव दिले गेले, तेव्हा तो आशय अधिकच गडद झाला. ज्या वास्तूच्या मूळ रचनेत हिंदी स्त्रीला, त्यातही शूद्रातिशूद्र स्त्रीला, स्थानच नव्हते, त्या वास्तूच्या विद्यापीठास तिचे नाव लागले.

तथापि अंतर्भागाच्या वापराचा विचार केला तर चित्र संमिश्र आहे. ऐतिहासिक मुख्य इमारत विद्यापीठाच्या प्रशासनाकडे, सभांकडे व समारंभांकडे गेली. विद्यार्थ्यांचे वाचन गेले ते परिसरातील स्वतंत्र जयकर ग्रंथालयात. यात गैर काही नाही. नृत्यदालनाचे रूपांतर हजारो वाचकांच्या ग्रंथालयात करणे सोयीचेही नव्हते आणि वास्तूच्या हिताचेही नव्हते. पण परिणाम असा झाला की, इगतपुरीहून विद्यापीठात कामासाठी जाणारा विद्यार्थी ही वास्तू पाहतो ती बहुधा हिरवळीपलीकडून. पदवीपत्राशी निगडित असलेली वास्तू त्याच्या वावराची जागा होत नाही.

जतन, नियम आणि पुनर्रचना

ऐतिहासिक अंतर्भागात बदल करण्यावर कायद्याचीही मर्यादा आहे. बृहन्मुंबईसाठी १९९५ मध्ये वारसा नियमावली लागू झाली. तिच्यानुसार पहिल्या श्रेणीतील वास्तूंच्या बाह्यांगात किंवा अंतर्भागात, वास्तूचे आयुष्य वाढविण्यासाठी आवश्यक असेल त्याखेरीज, बदल करता येत नाही. दुसऱ्या व तिसऱ्या श्रेणीत अंतर्गत बदलास अधिक मोकळीक आहे. फोर्ट परिसरातील विद्यापीठाच्या वास्तू पहिल्या श्रेणीत मोडतात. म्हणजे तेथे पुनर्रचना याचा अर्थ भिंत हलविणे असा असू शकत नाही. वापराची फेररचना, उजेडाची व वीजजोडणीची सुधारणा आणि नंतरच्या काळात साचलेल्या भरीचे निराकरण, एवढाच तो असू शकतो.

दीक्षान्त सभागृहाचे जतनकार्य २००६ च्या सुमारास आभा नारायण लांबा यांच्या मार्गदर्शनाखाली झाले. ग्रंथालय व राजाबाई मनोऱ्याचा जीर्णोद्धार २०१३ ते २०१५ या काळात वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांनी केला. त्यासाठी टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने अर्थसाहाय्य केले व इंडियन हेरिटेज सोसायटीने पुढाकार घेतला. दगडकाम, रंगीत काचा व लाकूडकाम यांना पूर्वरूप देण्यात आले. या कामाला २०१८ मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत सन्माननीय उल्लेख लाभला. त्याच वर्षी मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको वास्तुसमूहाचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला व हा परिसर त्याचा भाग बनला.

सन्मान आनंदाचा असला तरी त्यात एक धोका आहे. वास्तूचे मोल वाढले की तिचा सामान्य वापर अडचणीचा वाटू लागतो. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील गोल वाचनदालनाचे उदाहरण येथे बोधप्रद ठरेल. ते १८५७ मध्ये, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या स्थापनेच्याच वर्षी, उघडले. १९९७ मध्ये ब्रिटिश ग्रंथालय तेथून नव्या इमारतीत गेले. २००० मध्ये दालनाचा घुमट पूर्वीच्या रंगांत झळकला, परंतु २००७ पासून काही वर्षे ते प्रदर्शनांसाठी वापरले गेले. वास्तू वाचली, पण ज्या वाचनासाठी ती प्रसिद्ध होती ते वाचन तिच्यातून गेले. मुंबईचे दालन याच्या तुलनेत भाग्यवान म्हणावे लागेल. जीर्णोद्धारानंतरही ते ग्रंथालयच राहिले आहे.

या संदर्भात पॅट्रिक गेडिस यांचा विचार मार्गदर्शक ठरतो. मद्रास इलाख्यातील शहरांविषयी १९१५ च्या सुमारास लिहिलेल्या अहवालांत त्यांनी सरसकट पाडापाडीला विरोध केला आणि 'जपणुकीची शस्त्रक्रिया' असे ज्याला म्हणता येईल, ते तत्त्व मांडले. कमीत कमी कापावे, आधी राहणाऱ्यांचा वावर पाहावा, आणि मगच हात लावावा, असा त्याचा आशय. शहराच्या गल्ल्यांसाठी सांगितलेले हे तत्त्व वाचनदालनालाही लागू पडते. विद्यार्थी प्रत्यक्षात कोठे बसतो, उजेड कोणत्या वेळी कोठे पडतो, तो एकट्याने वाचतो की गटाने, त्याला पुस्तक हवे असते की केवळ शांत कोपरा व वीजजोडणी, हे आधी पाहिले पाहिजे. आजच्या विद्यार्थ्यांतील मोठा वर्ग स्पर्धा परीक्षांची तयारी करणारा आहे. त्याला ग्रंथसंग्रहापेक्षा बैठकीची अधिक गरज असते. ही गरज हीन मानून त्याला दाराबाहेर ठेवणे म्हणजे पूर्वीच्याच चुकीची पुनरावृत्ती होय. तसेच चक्राकार जिना न चढू शकणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्याचा विचार १८७८ च्या रचनेत नव्हता. आजच्या कोणत्याही पुनर्रचनेत तो प्रथम असला पाहिजे. वारसा नियमांच्या चौकटीतही सुटा व पुढे काढता येण्याजोगा उपाय शोधता येतो.

तालुक्याच्या ठिकाणी या इतिहासाचा अर्थ

येथवरचे विवेचन महानगरातील वास्तूंविषयी असले तरी त्याचा संबंध आपल्याशीही आहे. नाशिक येथे हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय १९२४ मध्ये निघाले, त्यापूर्वी या भागातील विद्यार्थ्याला महाविद्यालयीन शिक्षणासाठी घाट उतरून मुंबईस किंवा दूर पुण्यास जावे लागे. आज महाविद्यालय त्याच्या तालुक्यात आले आहे. वाचनाची जागा मात्र अद्याप पुरेशी आलेली नाही. एका खोलीत भावंडांसह राहणाऱ्या, पाड्यावरून बसने येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी महाविद्यालयातील अभ्यासिकेची खुर्ची ही चैन नसते, ते त्याच्या अध्ययनाचे एकमेव स्थळ असते.

इगतपुरीसारख्या गावात रेल्वेच्या जुन्या वसाहतीमुळे दगडी वास्तूंची परंपरा आहे. येथील पाऊस, धुके व ओल यांना तोंड देणारी उतरती छपरे, रुंद पडव्या व उंच खोल्या हा स्थापत्याचा स्थानिक वारसाच आहे. जुनी वास्तू पाडून काँक्रीटची इमारत उभारण्यापूर्वी ती अभ्यासिका होऊ शकते का, एवढा प्रश्न तरी संस्थांनी स्वतःस विचारावा. त्याचप्रमाणे महाविद्यालयात जे दालन सर्वांत प्रशस्त व उजेडाचे असेल ते कोणाकडे आहे, हेही पाहावे. पुष्कळदा ते सभांसाठी कुलूपबंद असते आणि विद्यार्थी जिन्याखाली वाचत असतो.

निष्कर्ष

१. मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय वाचनासाठी बांधले गेले, तथापि विद्यापीठ अध्यापन करू लागेपर्यंत त्याला स्वतःचा असा विद्यार्थी लाभला नाही. गणेशखिंडची वास्तू सत्तेसाठी बांधली गेली व विद्यापीठास मिळाली, परंतु तिचा अंतर्भाग मुख्यतः प्रशासनाकडे राहिला. वास्तूची मालकी विद्यापीठाकडे असणे आणि तिची जागा विद्यार्थ्याची असणे यांत अंतर असते.

२. विद्यार्थ्याची जागा प्रथम नियमांनी निर्माण होते, नंतर फर्निचरने. १८८३ चा निर्णय व १९०४ चा कायदा यांनी या वास्तूंच्या अंतर्भागात जेवढा बदल घडविला, तेवढा कोणत्याही बांधकामाने घडविला नाही.

३. जतन आणि वापर यांत मूलभूत विरोध नाही. मूळ वापर कायम ठेवणे हे जतनाचेच एक अंग आहे. मुंबईचे वाचनदालन याची साक्ष देते.

४. पुनर्रचनेचा आरंभ विद्यार्थ्याच्या प्रत्यक्ष वावराच्या निरीक्षणापासून व्हावा. कमीत कमी हस्तक्षेप व जास्तीत जास्त प्रवेश हे सूत्र महानगरातील पहिल्या श्रेणीच्या वास्तूस जसे लागू आहे, तसेच तालुक्याच्या महाविद्यालयातील एका जुन्या खोलीसही.

कापसाच्या तेजीतील अफाट संपत्ती एका वर्षात विरून गेली. त्यातील जो अंश वाचकासाठी खर्च झाला, तो दीडशे वर्षांनंतरही कामी येत आहे. आपल्या महाविद्यालयांच्या मर्यादित निधीचा विनियोग ठरविताना प्राध्यापक वर्गाने हा इतिहास ध्यानी घ्यावा, एवढीच या लेखनामागील अपेक्षा आहे.